उतारावरची गिरणी

महागाव, १२ डिसेंबर २००६

बाबा,

मोनालीचा जयभीम. खोकला गेला अन् मी दोन टाइम जेवून राह्यली, एवढं आईले आधी वाचून दाखवा.

आता चूक सांगते. खाली तीन दुकानं अन् वर सभागृह, अशी इमारत टेकडीच्या उतारावर घेतली. आखणी करताना मी टेप उतारावर टेकवून ताणला. टेप हवेत आडवा धरून ओळंबा सोडायचा, हे तुम्ही शंभरदा सांगतलं होतं. पाया खोदला तं जागा पाच फूट कमी भरली. दोनच दुकानं बसली.

गावच्या बांधकाम कमिटीचे अध्यक्ष म्हणे, तिसऱ्या दुकानात बायायच्या बचत गटाची पिठाची गिरणी येनार होती, तेच कमी करा. औंदा कापसानं दगा देला, वावरात मजुरी नाई, त्या बाया गिरणीचीच वाट पाहून राह्यल्या. मी म्हणलं, चूक माही, शिक्षा त्यायले काहून? तं म्हणे, बाईच्या हाती ओळंबा देला का असंच होते.

मंग मीही पेटली. दुकानाच्या छताच्या उंचीले, इमारतीच्या मागून टेकडीवरचा रस्ता येते. गिरणी तिथं पक्क्या मुरमावर घेतली, दार थेट बायायच्या वस्तीसमोर. सभागृह आकसलं, पण अध्यक्षायची खुर्ची मावते. दळण न्यायले बायायले टेकडी उतरा लागत नाई. खाली राहनाऱ्या अध्यक्षायले मात्र दळनासाठी चढा लागन.

तुमचे गुडघे कसे हायेत? उद्घाटनाले याच. साऱ्यायसमोर तुमच्या हातानं ओळंबा सोडा. भिंत केसभर कलली दिसली, तं मी थापी ठेवून घरी येईन.

तुमच्यावरच गेलेली,
मोनाली