मेंदीखालची नखं

माकुणसार, १९८८

चि. नलूस माईचा आशीर्वाद.

आज तुला स्थळ घेऊन पाहुणे आले. पहिली आली ती पाम गावची मंदाआत्या, मग मुलाची आई. तुझा फोटो बघून म्हणाली, "सून डॉक्टर, म्हणजे आमच्या म्हातारपणाची सोय झाली." आमी सगळ्या हसलो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण हसता हसता धाप लागली. महिनाभर खाटेवरच अडकलीय, विहिरीपर्यंतही जाववत नाय.

नखं निळी पडलीत, नलू. तूच सांगितलेलंस, शिरांना आतून अस्तर असतं, आपल्या भाताच्या कणगीच्या शेणाच्या लिंपणासारखं. प्राणवायू कमी पडला की ते बिघडतं, पाणी झिरपतं. माझे पाय सुजलेत ते त्यानेच काय गं?

पाहुण्यांना दिसू नये म्हणून कुंपणाची मेंदी वाटून घेतली नि बोटांना लावली. संध्याकाळी गावचा डॉक्टर मला तपासायला आला, हात धरून म्हणाला, "माई, रंग झकास चढलाय." त्यालाही कळलं नाय, नि मी हात गोधडीखाली घेतला.

तुला कळवलं तर परीक्षा टाकून धावत येशील, म्हणून पत्र उशीखालीच ठेवते. शनिवारी तुझा शेवटचा पेपर हाय. मेंदी तोवर टिकेल. पाहुणे रविवारी तुला बघायला परत येतो म्हणालेत.

तुझी,
माई