उत्तरेला गेलेला

थॉर्नशॉ, यॉर्कशर
१२ ऑक्टोबर १९५२

ती. ताईस,
एल्फेडचा इथल्या धुरातून सा. न. वि. वि.

खोदून खोदून विचारतेस म्हणून सांगतो, मी मुळीच मजेत नाही. घरमालकीण मिसेस ॲक्रॉइड भली बाई आहे, पण दर गुरुवारी वजडी आणि कांदा. रविवारी चॅपलमध्ये इथले लोक गातात ते ऐकवत नाही.

शनिवारी पहिला सामना झाला. आपल्या पंधरा जणांच्या रग्बीत कुणी पाडलं की चेंडू ताबडतोब सोडायचा, हे बाबांनी माझ्या अंगात भिनवलंय. इथल्या तेरा जणांच्या खेळात उलटं. चेंडू धरून उठायचं आणि पायानं मागे ढकलायचा. मी पडलो आणि सवयीनं सोडून दिला. समोरच्यानं उचलला आणि सरळ रेषेपार नेऊन टेकवला. सगळं मैदान हसलं. नंतर तासभर मी कडेला उभा, पण आमच्यातल्या एकानंही माझ्याकडे चेंडू टाकला नाही. ज्याची जागा मला मिळाली तो यांच्याच गल्लीतला, मग राग कुणावर धरायचा?

बाबांना सांग, शिव्या द्या, पण दोन ओळी लिहा. खेळ त्यांच्याकडून शिकलो, चुका दुसऱ्या कुणाला सांगू? मला एवढंच हवंय.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा एल्फेड


कुमगारन, वेल्स
९ नोव्हेंबर १९५२

चि. एल्फेड यास
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि इतकं उशिरा लिहिल्याबद्दल एक धपाटा.

तुझं पत्र मी चुलीपाशी मोठ्यानं वाचते. बाबा पेपर समोर धरून बसतात, पान मात्र उलटत नाहीत. चेंडू सोडल्याचं वाचलं तेव्हा त्यांच्या तोंडून 'गाढव' एवढं निघालं. तू गेल्यापासून तुझ्याविषयी निघालेला हा पहिला शब्द, तेव्हा जपून ठेव.

गावात तुझ्याबद्दल मेलेल्या माणसासारखं बोलतात. बिचारा उत्तरेला गेला, म्हणतात. क्लबातला तुझा फोटो उतरवला. पैसे घेऊन तेरा जणांचा खेळ खेळला त्यानं जन्मात क्लबाची पायरी चढायची नाही हा नियम तुला ठाऊकच आहे, आणि क्लबाचे सेक्रेटरी पडले आपलेच बाबा.

माझं आणि मॅडॉकचं लग्न ईस्टरच्या शनिवारी ठरलं. जेवण क्लबाच्या हॉलमध्ये, कारण चॅपलमागची खोली गळते. मी बाबांना सरळ विचारलं, माझा एकुलता एक भाऊ माझ्या लग्नात जेवणार नाही का? नियम फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठी नसतो, म्हणाले, आणि कोळसा आणायला उठले. बादली भरलेलीच होती.

लग्नातल्या हॅमसाठी रेशनची कुपनं साठवतेय. पोटभर जेवत जा.
तुझी ताई, केनवेन


थॉर्नशॉ
१८ जानेवारी १९५३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी जिन्यातच बसलो. आत क्लबाचा कागद. महाशय, आपणांस कळविण्यात येते की आपले सभासदत्व कायमचे रद्द झाले असून क्लबाच्या आवारात आपणांस प्रवेश नाही. खाली सही, सेक्रेटरी. मागं काही लिहिलंय का म्हणून कागद उलटून पाहिला. काही नव्हतं.

गेल्या शनिवारी माझ्या नावावर पहिली ट्राय लागली, मीही चेंडू रेषेपार टेकवला. कडेनं साठ यार्ड पळालो. आता पोरं मला टॅफी म्हणतात, वेल्सवाल्याला इथं हेच नाव, म्हणजे हाक तरी मारतात. संध्याकाळी खोलीत येऊन सगळा सामना आपल्या भाषेत सांगितला, भिंतीला. मग फार रडू आलं. तुझ्यापासून काय लपवू?

लग्नाला मी येत नाही. बाबांना दारात उभं राहून मला परत फिरवावं लागेल, ते मला सोसणार नाही.

मॅडॉकला नमस्कार, तुला आभाळभर माया.
एल्फेड


कुमगारन
१ मार्च १९५३

चि. एल्फेड यास
आशीर्वाद देऊ की कान धरू?

खांद्याचं हाड मोडलं हे तुझ्या घरमालकिणीनं कळवलं, तू नाही. आठ आठवडे खेळ बंद म्हणजे ईस्टरला तू मोकळाच. चॅपल क्लबाचं नाही, तिथं तुला कुणी अडवत नाही. पुढचं पुढे. तू आला नाहीस तर मी हो म्हणण्याआधी दाराकडे बघत बसेन आणि मॅडॉक बिचारा घाबरेल.

वाट बघते. बाबाही बघतात, पण मी हे लिहिलं असं सांगू नकोस.
ताई


थॉर्नशॉ
१२ एप्रिल १९५३

सौ. ताईस,
हा नवा 'सौ.' लिहिताना हात अडखळला, तरी सा. न. वि. वि.

खिडकीतून मला आणि बाबांना पाहिलंस आणि काय बोललात म्हणून विचारतेस. ऐक. वरात क्लबात शिरली, मी फाटकाबाहेर थांबलो. बाबा दारात वळले, माझ्याकडे बघून आत गेले. ताई, त्या पाच मिनिटांत मला वाटलं, संपलं सगळं. मग दोन बशा घेऊन बाहेर आले. रस्त्याकडच्या बुटक्या भिंतीवर बसले आणि म्हणाले, क्लबाची हद्द भिंतीच्या आतल्या बाजूला संपते, मी मोजलंय. माझा एक हात गळ्यातल्या झोळीत, म्हणून माझं हॅम त्यांनीच कापून दिलं.

खेळाबद्दल चकार शब्द नाही. वजडी अजून मिळते का, एवढं विचारलं. हॅम संपल्यावर म्हणाले, ते क्लबाचं पत्र मीच लिहिणं भाग होतं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यात तुझ्याबद्दल वाईट शब्द घातले असते. तेवढ्यात त्यांना भाषणाला बोलावलं.

भाषण तू ऐकलंसच, पण मीही ऐकलं, खिडकी उघडी होती. मला दोन मुलं, म्हणाले. एक समोर बसली आहे, दुसरा बाहेर भिंतीवर बसला आहे, आणि दोघांनी माझी मान उंच केली. मग आत टाळ्या सुरू झाल्या. रस्त्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मीही वाजवल्या, एका हातानं, गुडघ्यावर.

तुझा एल्फेड