दादाचं पहिलं अक्षर

दिदीमणी, इथे ऑकलंडात, ओटाहुहूच्या घरामागचं तुमचं प्लमचं झाड नव्या मालकांनी तोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलं असतंत. तिथे आता ट्रॅम्पोलिन आहे. परवा त्या रस्त्याने जाताना गाडी हळू केली, तर एक छोटी मुलगी उड्या मारत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र जानेवारीतलं, इथल्या उन्हाळ्यातलं, ते झाड. फळांनी लगडलेलं, खाली गवतात पिकलेल्या प्लमचा सडा, माश्या घोंगावतायत, आणि तुम्ही मागच्या दारात उभ्या राहून सगळ्यांना दटावताय की सरस्वतीपूजा होईपर्यंत एकाही फळाला हात लावायचा नाही. तुमच्या बंगालात पूजेआधी बोरं खात नाहीत. इथे बोरं कुठून आणणार, म्हणून तुम्ही परस्पर प्लमवर बंदी घातलीत. शेजारच्या टोंगन काकू बिचाऱ्या बादली घेऊन यायच्या आणि रिकामी घेऊन जायच्या. मी म्हटलं, अहो दिदीमणी, देवीला प्लम कुठे ठाऊक असणार? तर म्हणालात, देवी माझ्याआधी इथे आली का? नाही ना? मग तिला इथलं काय ते मीच सांगणार.

पुण्याहून मास्टर्स करायला आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं असा माझा समज होता. तुमच्या घरातली मागची खोली मिळाली, एवढंच त्या आठवड्यातलं चांगलं. घरमालकीण इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते, एवढंच सांगितलं होतं मला. ती कवी आहे, तिची पुस्तकं कोलकात्यात लोक जपून ठेवतात, दरवर्षी दुर्गापूजेला ती एक बंगाली अंक काढते आणि त्यासाठी वर्षभर साऱ्या न्यूझीलंडच्या बंगाल्यांचं डोकं खाते, हे सगळं मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. तुम्ही पुऱ्यांची कणीक तिंबताय, पलीकडे मोहरीत माखलेला कहावाई मासा, आणि कुणीतरी अंकासाठी पाठवलेली कविता तुम्ही मोठ्याने म्हणताय. मला एक अक्षर कळत नव्हतं. तेच तुम्हाला हवं होतं. म्हणायचात, तुला भाषा येत नाही, त्यामुळे तुला फसवता येणार नाही, कंटाळा कुठे आला ते सांग. मी पहिले काही दिवस पुणेरी सभ्यपणाने सगळ्यालाच ‘छान आहे’ म्हणत राहिले. एक दिवस तुम्ही पिठाचे हात तसेच ठेवून वळलात आणि म्हणालात, ‘छान’ माझ्या स्वयंपाकघरात चालणार नाही, छान म्हणायला मी पाहुण्यांना बोलावते. असा राग आला होता! पण दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या ओळीवर हात वर केला. तुम्ही ती ओळ परत म्हणून पाहिलीत, मान हलवलीत आणि काढून टाकलीत. त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं असं वाटलं.

मग सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी पुस्तकं, पेनं सगळी देवीपुढे, कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. आमच्याकडे दसऱ्याला तसंच असतं म्हणून मला ते घरचंच वाटलं. फक्त लहान मुलांनी लिहायचं, आयुष्यातलं पहिलं अक्षर. हातेखोडी म्हणता तुम्ही त्याला. तुमच्या गॅरेजमध्ये शनिवारचा बंगाली वर्ग भरायचा (दिदीमणी म्हणजे बाई, हे मला तिथेच कळलं), तिथे सतरंजी घातली होती, आणि एकेक पोर तुमच्या मांडीवर येऊन बसत होतं. तुम्ही मागून त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायचात, पाटीवर अ काढायचात. गोल, वळण, सरळ खाली एक रेघ, मग डोक्यावर आडवी. सगळी पोरं झाली आणि तुम्ही मला हाक मारलीत. मी म्हटलं, अहो, मी पदवीधर आहे! तुम्ही म्हणालात, देवी सर्टिफिकेट वाचत नाही, बस खाली. त्या सगळ्या आयांसमोर मी, घोड्याएवढी, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि तुम्ही मागून माझी मूठ धरलीत. तुमच्या हाताला हळदीचा वास येत होता. लाजेने मेले होते मी, आणि तरी ते संपू नये असं वाटत होतं. पुढे त्या वर्गात मीही बंगाली शिकले, आणि सुट्टीत पुण्याला गेले की तुम्हाला बंगालीतच पोस्टकार्ड पाठवायचं असा दंडक झाला, आणि परत येऊन पाहावं तर कार्ड फ्रिजवर लावलेलं, लाल शाईने तपासून.

त्याच दिवशी, पाट्या पुसताना, मी सहज विचारलं होतं, दादाची हातेखोडी कुठे झाली? दादा म्हणजे तुमचा मुलगा. तो तेव्हा शनिवारी सकाळी रग्बी खेळून दुपारी यायचा, दारातूनच माओरी नमस्कार, ‘किया ओरा, लेडीज’ ओरडायचा आणि तुमच्या डोळ्यांदेखत चार प्लम खाऊन जायचा. बंगाली त्याला ‘मा’ आणि ‘भात’ यापलीकडे येत नव्हती. तुम्ही पुसलेलीच पाटी परत पुसलीत. मग म्हणालात, इथे मूल पाच वर्षांचं झालं की लगेच शाळेत जातं. त्याच्या बाई म्हणाल्या घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मागे पडेल. मी स्वतः शिक्षिका, मला वाटलं त्यांना माझ्याहून जास्त कळत असेल. पूजा पुढच्या वर्षी करू म्हटलं. त्याचे वडील गेले ते त्याच वर्षी, मग राहिलंच. आणि नंतर तो मांडीवर बसायच्या वयाचा राहिला नाही. एवढं बोलून तुम्ही पाट्या उचलल्यात आणि आत गेलात. साऱ्या ऑकलंडच्या पोरांचे हात धरणाऱ्या बाईने आपल्या पोराचा हात धरला नव्हता. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

मग माझी नोकरी, लग्न, मुलगी, आणि तुमचा तो झटका. डॉक्टर म्हणाले, होतं असं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. तुमचं इंग्रजी गेलं. ज्या इंग्रजीत तुम्ही इतकी वर्षं शाळेत पोरांना पाढे शिकवलेत, ते एका सकाळी पुसल्यासारखं गेलं आणि उरली बंगाली. रेस्ट होममध्ये, इथल्या वृद्धाश्रमात, सगळ्यांत गोड बोलणारी नर्स तुमच्याशी बोलायची आणि तुम्ही तिच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहायचात. दादा ईस्ट टामाकीच्या गोदामातून जेवणाच्या सुट्टीत रोज यायचा. तुम्ही काही बोललात की तो मला फोन लावायचा, फोन तुमच्या तोंडाशी धरायचा आणि मग मला विचारायचा, ‘व्हॉट्स शी सेइंग?’ बहुतेक वेळा तुम्ही एकच विचारायचात. मी सांगायची, तू जेवलास का विचारतायत. ‘टेल हर येह.’ मी सांगायची. मी ऑफिसच्या जिन्यात उभी, आणि मायलेक एकमेकांपासून हातभर अंतरावर. असली दुभाषीगिरी माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

रविवारी मात्र मी यायची आणि आपण बोलायचो. तुम्ही मला जुन्या अंकातल्या कविता वाचायला लावायचात, मध्येच हात वर करून थांबवायचात, ‘इथे कंटाळा आला.’ शब्द अडखळत, हात थरथरत, पण कान तसेच शाबूत. मला आतून फार बरं वाटायचं. तुमच्या भाषेत तुमच्याशी बोलणारी त्या इमारतीत मी एकटी होते.

तुम्हाला जाऊन आता चौदा-पंधरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी दादा माझ्याकडे आला. केस पांढरे झालेत, गुडघा लंगडतो. मुलीजवळ राहायला म्हणून तो ख्राइस्टचर्चला चाललाय कायमचा. जाण्याआधी त्याला तुमच्या नावाचा एक बाक बसवायचा होता, समुद्राकडे तोंड करून, जिथे तुम्ही मासेवाल्याकडून येताना टेकायचात तिथेच. कौन्सिलची परवानगीही काढून आला होता. म्हणाला, पाटीवर बंगालीत ‘मा’ लिहायचंय, पण कॉम्प्युटरचं अक्षर नको, माझ्या हाताने लिहायचंय, कोरणारा तसंच कोरून देईल. मी चहा टाकला. माझी मुलगी येऊन ‘हाय अंकल’ म्हणून गेली. मी तिला मराठीत सांगितलं बिस्किटं आण, तिने इंग्रजीत विचारलं कुठली. दादा हसला. म्हणाला, तुझंही माझ्या आईसारखंच चाललंय की.

मग चहा पिता पिता तो रेस्ट होमचं बोलू लागला. सांगू का, म्हणाला, शेवटी शेवटी तिचा हात फार हलायचा. ‘द शेक्स, एह.’ माझा हात धरायची आणि घुसळायची, गोल गोल. मग खाली. मग आडवी. परत गोल गोल. दर वेळी तस्संच. मला बघवायचं नाही. मी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट दाबून धरायचो, शांत होईपर्यंत. काही दिवसांनी थांबली ती. मला वाटलं, चला, आराम पडला.

मी कप खाली ठेवला, दिदीमणी. गोल, वळण, खाली, डोक्यावर आडवी. तुमचे हात रविवारी मी पाहिले होते. ते थरथरायचे, पण बारीक, पानासारखे. असे गोल फिरायचे नाहीत. तुम्ही त्याची हातेखोडी करत होतात. पन्नाशीतल्या त्या धिप्पाड माणसाची मूठ धरून, भाषा नाही, पाटी नाही, मांडीवर बसायचं वय तर कधीच सरलेलं, आणि तो तुमचा हात दाबून धरत होता. मायेने दाबून धरत होता, हेच तर वाईट. मी कप विसळायच्या निमित्ताने सिंककडे गेले. ठरवलं, सांगायचं नाही. कशाला सांगायचं? आईने शेवटचं जे द्यायला घेतलं ते तू तुझ्याच हातांनी थांबवलंस, हे कुठल्या तोंडाने सांगू? मी वळून म्हटलं, ‘हो ना, आजारच तसा.’ आणि कागद-पेन घेऊन बसले.

त्याला ‘मा’ लिहून दाखवायचं, एवढंच काम. त्याला जमेना. ट्रकच्या चाव्या धरल्यासारखं पेन धरायचा. मग मी, कसलाही विचार न करता, उठून त्याच्या मागे गेले आणि त्याची मूठ माझ्या मुठीत घेतली. तुमच्या हाताखाली शिकलेलं माणूस दुसरं काय करणार? आणि पहिल्या अक्षराआधी दुसरं कुठलं अक्षर काढायचं नाही, हाही तुमचाच नियम. म्हणून हात आपोआप अ काढू लागला. गोल. वळण. खाली. आडव्या रेघेपर्यंत पोचलो आणि त्याचा हात माझ्या हातात दगडासारखा थांबला.

‘परत कर,’ तो म्हणाला.

मी परत केलं.

‘हे काय आहे?’

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी सांगितलं. हे पहिलं अक्षर. आई मुलाचा हात धरून काढते.

त्याने हात सोडवून तळव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘आय हेल्ड इट डाउन.’ मी म्हटलं, दादा, तुला माहीत नव्हतं. तो म्हणाला, मला माहीत नाही हे तिला माहीत होतं, तरी रोज करायची. आणि मग हे एवढं मोठं माणूस माझ्या डायनिंग टेबलावर डोकं ठेवून रडलं. माझी मुलगी दारात येऊन उभी राहिली, तिला काही कळेना. मी तिला खुणेने थांबवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. नंतर त्याने डोळे पुसले, पेन उचललं आणि एकट्याने अ काढला. वेडावाकडा. रेघ तिरकी. म्हणाला, हेच कोरायचं. ‘मा’ नको. फक्त हे.

बाक बसला. बंगाली मंडळी आली होती, थोडी कुरकुर झाली की एवढी मोठी कवी आणि पाटीवर एकच अक्षर, तेही असं! दादा म्हणाला, ‘स्वीट अ‍ॅज,’ म्हणजे झकास आहे, आणि प्लम वाटत सुटला, दुकानातले, बिनचवीचे. पूजा होऊन गेली होती, काळजी करू नका.

आता राहिलं ते सांगते. तो टेबलावर डोकं ठेवून रडत होता आणि माझा हात त्याच्या पाठीवर होता, तेव्हा माझ्या मनात काय होतं ठाऊक आहे? की त्या सगळ्या रविवारांत तुम्ही माझा हात एकदाही धरला नाहीत. तुमची भाषा मी शिकले, तुमच्या कविता मी वाचल्या, जिन्यात उभी राहून तुमचं बोलणं मी पोचवलं, आणि शेवटचा हात त्याचा. असायलाच हवा होता त्याचा, कळतं मला. पण हेवा वाटला, दिदीमणी, अजून वाटतो. तुम्ही शिकवलंत तसं हे पत्र बंगालीत लिहायला मला सहज आलं असतं. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून मराठीत लिहिलं.