पत्रिकेतला मे महिना

डॅलस, ९ फेब्रुवारी २००४

जाईच्या बाबांना सप्रेम नमस्कार.

मी बरी आहे. बाहेर बर्फ आहे, घरात जाणवत नाही. तुमची रक्तदाबाची गोळी चुकत नाही ना?

बाळापूरच्या स्थळानं जाईला मंगळ आहे म्हणून नकार दिला. स्वानंदनं इथून कॉम्प्युटरवर काढून पाठवलेली ती पत्रिका मी काल स्वतः वाचली. तिच्यात जन्मतारीख अकरा मे छापली आहे! मी म्हटलं, "अरे, तुझ्या बहिणीच्या वेळी बाळंतपणात मला थंडीनं शेगडी लागत होती, आणि तुझं यंत्र मे सांगतं?" तो डोक्याला हात लावून बसला. इथे महिना आधी लिहितात. त्यानं आपल्या रीतीनं ५/११ लिहिलं, कॉम्प्युटरनं इथल्या रीतीनं वाचलं. कॉम्प्युटरला देशोदेशीच्या तारखा आणि आकडे शिकवणं हीच त्याची नोकरी, आणि घरच्याच तारखेला फसला.

पाच नोव्हेंबरची पत्रिका सोबत पाठवते. तिच्यात मंगळ नाही.

तुम्ही लगेच बाळापूरची एसटी धराल, म्हणून लिहिते, थांबा. फोनवर जाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मी तर तीच आहे. मग आता काहून पसंत पडीन?" मी तिला रागावले. पण मग हे पत्र लिहायला बसले.

तिचं वय मलाही दिसतं. तरी आधी तिला विचारा. ती नको म्हणाली, तर पत्रिका कपाटात ठेवा आणि पुन्हा विषय काढू नका. मीही काढणार नाही.

जेवण वेळेवर घ्या.

तुमची,
कालिंदी