मोगऱ्याचं वाक्य

थेरगाव,
१७ नोव्हेंबर २०२४

तेजस्विनी,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलंय. मी बरा आहे. आईही बरी आहे, पण तुझं नाव काढत नाही. चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला लागलोय. सकाळी डांगे चौकातून कंपनीची बस असते.

खराब पार्टला लाल टॅग लावायचा, हे माझं काम. पहिल्याच दिवशी मी टॅगवर लिहिलं, 'काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.' सुपरवायझर विलासराव सगळ्यांसमोर ओरडले, "भावा, कविता करायला आलायस का? काय बिघडलंय, कुठं बिघडलंय ते लिही. खाली सही कर."

असं लिहायला तुझ्याकडूनच शिकलो होतो ना. तू म्हणायचीस, "सगळं सांगून टाकलं तर वाचणाऱ्याला काय उरतं, गणू? थोडं धुकं ठेवावं."

ठेवलंस की. कॉलेजच्या वार्षिक अंकात तुझी गोष्ट आली. एक मुलगा रोज एका मुलीच्या घराच्या भिंतीला सायकल टेकवतो. एक दिवस ती तिथली कुंडी सरकवते. शेवट काय, तर 'भिंतीपाशी जागा झाली. त्याच्यासाठी, की मोगऱ्याला ऊन मिळावं म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.'

रहाटणीत तुमच्या भिंतीला दोन वर्षं माझी बाईक लागत होती. मी काय समजायचं? तुम्ही लेखक मंडळी धुकं सोडून मोकळी होता. आपटतो तो गाडीवाला.

म्हणून आईला घेऊन, नारळ-पेढे घेऊन तुमच्या दारात आलो. आई वाटेत म्हणत होती, "अरे, आपल्यात मुलीकडचे येतात आधी." मी म्हटलं, "तिनं बोलावलंय, आई. छापून बोलावलंय."

तुझ्या बाबांनी विचारलं, "कुणी बोलावलं तुम्हाला?" मी अंक काढला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी. एवढंच म्हणालीस, "गोष्ट आहे ती, बाबा." आई माझ्या हाताला धरून मला उठवत होती.

दोन दिवसांत कॉलेजात पोरं मला 'कुंडी' म्हणायला लागली. त्यातल्या धम्मरत्नच्या कानाखाली वाजवली आणि तिसऱ्या वर्षातच ताथवड्याच्या कॉलेजला रामराम ठोकला. हे सगळं तुझ्यामुळं झालं, असं सहा महिने सांगत फिरतोय.

परवा तुझी मैत्रीण वर्षाली भेटली. म्हणाली, त्या दिवसापासून तुझं कॉलेज बंद आहे. वह्या कुलपात आहेत. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी संपते. मग माझ्याकडं बघत म्हणाली, "तू नक्की काय बोललास रे त्यांच्याशी?"

"काही नाही," मी म्हटलं.

खोटं बोललो. अंक वाचताना मी 'भिंतीपाशी जागा झाली' इथंच थांबलो होतो. मोगऱ्याचं वाक्य वाचलंच नाही. आणि निघताना, आई पुढं गेल्यावर, बाबांनी मला जिन्यात गाठलं. "खरं सांग, पोरीनं तुला हो म्हटलंय?" मला 'नाही' म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "काका, काही गोष्टी बोलायच्या नसतात." वर हसलो.

तुझ्याहून दाट धुकं सोडलं मी. तुझं निदान कागदावर होतं.

राग अजून आहे. दुसरंही आहे, जे खोडलं ते. त्याचा तुला उपयोग नाही. म्हणून आता टॅगवर लिहितात तसं लिहितो:

तेजस्विनीनं मला कधीही हो म्हटलेलं नाही. बोलून नाही, लिहून नाही, नजरेनंही नाही. जिन्यातलं माझं उत्तर खोटं होतं. गोष्ट तिची होती, चूक माझी.

पाकीट चिकटवलेलं नाही. वर नाव तुझं नाही, बाबांचं आहे. उद्या वर्षाली ते त्यांच्याच हातात देईल. काका, इथवर वाचलं असेल, तर शुक्रवारच्या आत तिला फॉर्म भरू द्या. आणि वह्यांचं कुलूप काढा.

बिघडवणारा आणि तपासणारा, दोन्ही मीच.
सही,
गणराज ज्योतीराम शेळके