चौसष्ट अक्षरं आणि वाचनालयाचा शिक्का

चिरंजीव लंबूस,

आत्याचे आशीर्वाद. तुझी मान आता बरी असेल (स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलं की ती दुखणारच, हे मी वहिनीलाही कळवलं आहे). माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. फोन केला की तू ‘बघतो’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

विषय आपल्या वाचनालयातल्या आठ बंद पडलेल्या संगणकांचा. ते शनिवारपर्यंत सुरू झाले नाहीत तर भंगारात जाणार, असं अध्यक्षांनी ठरवलं आहे. शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांवरच नोकरीचा अर्ज भरायला शिकत होत्या. त्या रोज दारातून डोकावून नुसतं ‘आज?’ एवढंच विचारतात, आणि मला तोंड कुठे लपवावं कळत नाही. म्हणून मी पदर खोचला. तू सांगितलेली, संगणक चालवणारी फुकटची प्रणाली इंटरनेटवरून उतरवायला घेतली.

तू शिकवलेलं सगळं माझ्या वहीत आहे. मूळ फाइलीच्या नकला जगभरच्या यंत्रांवर ठेवतात, त्यांना मिरर म्हणतात. फाइल उतरली की तिचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढायचा आणि मूळ ठिकाणी छापलेल्या ठशाशी ताडून बघायचा. आत एक टिंब जरी बदललं तरी ठसा पार बदलतो, हे वाक्य तर मी लाल शाईने लिहिलं आहे. पहिली फाइल उतरायला सात तास लागले. आली तशी मी रीतसर दाखल करून घेतली (तेहतीस वर्षांत एकही वस्तू शिक्क्याशिवाय माझ्या कपाटात गेलेली नाही, पण फाइलीच्या या गाठोड्यावर रबरी शिक्का उमटेना, म्हणून ते उघडून आत वाचनालयाचं नाव आणि दाखल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाकली) आणि मग पट्टी धरून अक्षरन् अक्षर जुळवलं. काहीच जुळेना! दुसऱ्या मिररवरून आणली, दाखल केली, तीच गत. तिसरा मिररही तसलाच निघाला. तिन्ही ठसे एकमेकांशीसुद्धा जुळत नाहीत, म्हणजे हे लोक खोटंही एकविचाराने बोलत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, सोडून द्या. मी मुळीच सोडणार नाही. तिघांनाही खरमरीत तक्रारी धाडल्या आहेत. चौथा मिरर तू सांग, प्रामाणिक माणसाचा.

तुझी,
आत्या

ता. क. पाकीट चिकटवणार तोच शिवणकामवाल्या बाई आल्या. त्यांना सगळी कर्मकहाणी सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, माप घेण्याआधीच तुम्ही कापडाला ठिगळ लावलंत की.” मी वहीतलं लाल वाक्य पुन्हा वाचलं आणि खुर्चीतच बसले. मग पहिल्याच मिररवरून फाइल पुन्हा आणली, आत शिक्क्याची चिठ्ठी टाकली नाही, आणि चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. आठही संगणक सुरू झाले. बाईंनी आज अर्ज पाठवला. मला रडू आलं, ते तुझ्या बाबांना सांगू नकोस.

ता. क. दुसरा. तेव्हा चौथ्या मिररची गरज नाही. खरं काम वेगळंच आहे. वाचनालयातल्या बाईला कोण विचारतं, म्हणून त्या तिन्ही तक्रारी मी तुझ्या नावाने, तुझ्या हुद्द्यासह आणि तुझ्या ऑफिसच्या पत्त्याने पाठवल्या आहेत. दुसऱ्या तक्रारीत ‘भामटे’ हा शब्द आहे. उत्तरं तुझ्याकडेच येतील. तेवढी माफी मागून टाक, आणि एक प्रत मला पाठव. दाखल करून घ्यायची आहे.