फळ्यावरची अर्धी ओळ

प्रिय सूनबाई,

तुझ्या सातवीच्या वर्गाने माझं नाव 'बदली आजोबा' ठेवलंय, हे आधी सांगून टाकतो. तोंडावर 'सर' म्हणतात, पण जिन्यात माझे गुडघे वाजले की वरून आरोळी येते, "आले रे बदली आजोबा!" निवृत्तीनंतर पुन्हा हातात खडू येईल असं वाटलं नव्हतं. मोठ्या बाईंनी बोलावलं, "सूनबाई येईपर्यंत मराठीचा तास तुम्हीच सांभाळा" म्हणाल्या, आणि मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. तुझ्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "शाळेत चाललाय की लग्नाला?" आता त्याच मोठ्या बाईंनी मला एक गोष्ट विचारली आहे. तीच लिहायला बसलोय खरा, पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय?

तुझी ओळ अजून फळ्यावर आहे. त्या दिवशी तू उपमा-उत्प्रेक्षा शिकवत होतीस. 'वाट पाहणं म्हणजे जणू' एवढं लिहिलंस, पोटाशी हात धरून वर्गाबाहेर गेलीस, ती परत आलीच नाहीस. पहिल्याच तासाला मी डस्टर उचललं तर अख्खा वर्ग अंगावर आला. ओळीभोवती त्यांनी खडूची चौकट आखलीय. शिपाईमामासुद्धा तेवढं सोडून बाकीचा फळा पुसतात. मी आपला उरलेल्या जागेत संसार मांडलाय.

म्हटलं, चला, ओळ पुरी करू. मग काय विचारतेस! वाट पाहणं म्हणजे जणू दाताच्या डॉक्टरकडचा बाक. जणू मोबाइलवर गोल गोल फिरणारं चक्र. मागच्या बाकावरचा तो ढोल्या म्हणाला, "जणू बदली आजोबांचं वाक्य, संपतच नाही." मी हसता हसता खाली बसलो. अगं, अलंकार शिकवायचा नसतोच, तो मुलांच्या तोंडात आधीपासून असतो. आपण फक्त त्याचं नाव सांगायचं. हे मला कळायला अख्खी नोकरी गेली, तुला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

आणि मग खिडकीजवळची ती दोन वेण्यांची, जी कधी बोलत नाही, तिने हात वर केला. म्हणाली, "सर, बाईंचं बाळ गेलं ना, ते कशासारखं असतं?" माझ्या पोतडीत इतक्या कविता, पण एक शब्द सापडेना.

तू दवाखान्यातून घरी आलीस, तेव्हा मात्र सगळ्यांना शब्द सापडत होते. कुणी म्हणालं, झाडाची पहिली फळं गळतातच. कुणी म्हणालं, आमच्या वहिनीचंही असंच झालं होतं, आता दोन आहेत. सगळ्या उपमाच त्या. तू मान खाली घालून ऐकत राहिलीस आणि एक दिवस बॅग भरून आईकडे गेलीस. मला वाटतं, तू आमच्यावर रुसून गेली नाहीस. त्या उपमांना कंटाळून गेलीस.

त्या पोरीला मी शेवटी सातवीला नसलेला अलंकार सांगितला. अनन्वय. ज्याच्यासारखं दुसरं काही नाही, ते फक्त स्वतःसारखं असतं. बाईंचं दुःख बाईंच्या दुःखासारखं. तिने मान डोलावली, जणू तिला हे आधीच ठाऊक होतं. ढोल्या हळूच म्हणाला, "म्हणजे बाईंसारख्या बाईच." पूर्ण गुण दिले त्याला.

घरचं म्हणशील, तर तुझा नवरा संध्याकाळी अजूनही दोन कप चहा करतो, मग भानावर येतो आणि दुसरा माझ्यापुढे ठेवतो. त्यात साखर तुझ्या अंदाजाची असते. डॉक्टरांना सांगू नकोस, मी पितो. मागच्या खोलीला दिलेला पिवळा रंग तसाच आहे. तुझ्या सासूबाई रोज तिथली खिडकी उघडतात, थोड्या वेळाने लावतात.

तर मुद्दा. मोठ्या बाईंना तुझ्या जागी कायमची शिक्षिका नेमायची की थांबायचं, ते शनिवारपर्यंत हवंय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून मला विचारलं. तुझा नवरा तुला विचारायला धजत नाही. मी म्हटलं, ते उत्तर माझं नाही. ये म्हणून हे पत्र नाही, पोरी. नोकरी सोडलीस तरी तू आमचीच, आणि आईकडे हवं तितकं राहा. फक्त एवढं आहे की मुलांनी चौकटीबाहेर पुष्कळ काही लिहिलं, पण 'जणू'च्या पुढची जागा मोकळी ठेवलीय. मला लिहू देत नाहीत. ती भरायची काही घाई नाही. ओळ ठेवू की पुसू, इतकंच कळव. पुसायची असेल तर मी स्वतः पुसेन, आधी मुलांना नीट समजावून. आणि ठेवायची असेल, तर आमच्याकडे खडू भरपूर आहेत.

तुझेच,
बाबा
(आणि सध्या बदली आजोबा)